हार्पसिकॉर्डची पदवी: सुरुवात साथीपासून करा

हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं, तारा छेडून वाजणारं कीबोर्ड वाद्य. त्यात पदवी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो एकटा बसून बाखचं संगीत वाजवणारा वादक. युरोपातल्या चांगल्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, शिकणाऱ्याचा आठवडा पाहिला तर चित्र वेगळं दिसतं. सकाळी गायिकेबरोबर तालीम, दुपारी दोन बासऱ्या आणि एक चेलो, संध्याकाळी कुणाच्या तरी परीक्षेला साथ, आणि या प्रत्येकाच्या आधी वाद्य सुरात लावण्यात गेलेला वेळ. म्हणून आधीच सांगून टाकतो, ही पदवी मुख्यतः साथीची आहे. ज्याला दुसऱ्याच्या गाण्याखाली बसून वाजवण्यात रस नाही त्याने पियानोच शिकावा. तिथे एकट्याने मिरवायला भरपूर जागा आहे.

तुम्ही पियानो बऱ्यापैकी वाजवता, ग्रेडच्या परीक्षा दिल्या आहेत किंवा चर्चमध्ये ऑर्गन वाजवता, आणि खऱ्या हार्पसिकॉर्डला अजून हात लागलेला नाही, असं धरून पुढचं लिहिलं आहे. क्रमही त्याच हिशेबाने लावला आहे: आधी वाद्यं, मग हात, कान, साथ, आणि शेवटी प्रवेश आणि पैसे. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू होतात, म्हणजे आधी कॉलेजांची यादी करतात. यादी करायला एक संध्याकाळ पुरते. हात आणि कान बदलायला दीड-दोन वर्षं धरा.

१. वाद्यांचं कुटुंब समजून घ्या

पदवी एका वाद्याची नसते. इटलीत तर अभ्यासक्रमाचं नावच 'क्लाविचेम्बालो ए तास्तिएरे स्तोरिके' आहे, म्हणजे हार्पसिकॉर्ड आणि ऐतिहासिक कीबोर्ड वाद्यं. इतर देशांत नाव काहीही असो, तीन-चार वाद्यांवर बसावं लागतंच.

हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते. पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावर उभा असलेला लाकडी जॅक वर उचलला जातो. जॅकमधल्या छोट्या जिभेत नखी बसवलेली असते, ती तारेला छेडून पुढे जाते. पट्टी सोडली की जॅक खाली येतो, जीभ मागे कलून नखीला तारेवरून निसटू देते आणि वरचा फेल्टचा तुकडा तार बंद करतो. पूर्वी ही नखी पक्ष्याच्या पिसाच्या दांड्यातून कापत, आता बहुतेक वाद्यांत डेल्रिन नावाचं प्लास्टिक असतं. पट्टी जोरात मारली काय, हळू दाबली काय, आवाज जवळजवळ तेवढाच. पियानोवाल्याला पहिला धक्का बसतो तो इथे.

क्लॅव्हिकॉर्ड त्याहून साधा. पट्टीच्या टोकाला बसवलेली पितळी पातळ पट्टी तारेला खालून टेकते आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत टेकूनच राहते. त्यामुळे दाब कमी-जास्त करून सुरात थरथर आणता येते. आवाज इतका बारीक की शेजारच्या खोलीत पोचत नाही. योहान सेबास्टियन बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल बाख याने १७५३ च्या आपल्या ग्रंथात कीबोर्ड वादकाकडे चांगला हार्पसिकॉर्ड आणि चांगला क्लॅव्हिकॉर्ड दोन्ही असावेत असं सांगितलं आहे, आणि ते आजही खरं आहे.

फोर्टेपियानो म्हणजे सुरुवातीचा पियानो. फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्टोफोरीने १७०० च्या सुमारास तो बनवला. त्याच्या हातचे तीन आज शिल्लक आहेत, न्यूयॉर्क, रोम आणि लाइपझिगमध्ये. हायडन-मोझार्टसाठी जी व्हिएनीज पद्धतीची वाद्यं वापरतात, त्यांच्या पट्ट्या हलक्या आणि कमी खोल जाणाऱ्या. आजच्या ग्रँड पियानोची सवय असलेला हात तिथे पहिल्या दिवशी अडखळतोच. शिवाय छोटा ऑर्गन शिकावा लागतो, कारण चर्चसंगीतातली साथ बहुतेक त्याच्यावर होते.

हार्पसिकॉर्डमध्येही देशागणिक जाती आहेत. इटालियन वाद्य हलकं, सायप्रेस झाडाच्या पातळ लाकडाचं, एकाच कीबोर्डचं, आवाज झणझणीत आणि लवकर विरणारा. अँटवर्पच्या रुकर्स कुटुंबाची फ्लेमिश वाद्यं अधिक भरदार. पुढे फ्रेंच कारागिरांनी हीच जुनी रुकर्स वाद्यं रुंद करून, पट्ट्या वाढवून नवी केली. त्यातून आलेल्या दोन कीबोर्डांच्या, पाच सप्तकांच्या फ्रेंच वाद्याची नक्कल आज बहुतेक कॉलेजांत दिसते. एडिनबरामध्ये ठेवलेला, पॅरिसचा कारागीर पास्कल तास्कॅं याचा १७६९ चा हार्पसिकॉर्ड आधुनिक कारागिरांनी भरपूर वेळा उतरवला आहे. वाद्यांच्या माहितीत 'दोन आठ फुटी, एक चार फुटी' असं लिहिलेलं असतं, ते तारांच्या संचांबद्दल आहे. आठ फुटी म्हणजे लिहिल्याप्रमाणे वाजणारा संच, चार फुटी म्हणजे एक सप्तक वर वाजणारा. ही मोजणी ऑर्गनच्या नळ्यांवरून आली.

२. हात बदला

वाद्य मिळेपर्यंत थांबू नका. भारतात चालू स्थितीतला हार्पसिकॉर्ड सापडणं दुर्मीळ आहे. पियानोवर किंवा साध्या डिजिटल कीबोर्डवरही बरंच काही आधी करता येतं.

पहिलं, पेडलवरून पाय काढा. दुसरं, सूर कधी सुरू होतो यापेक्षा तो कधी संपतो याकडे कान लावा. आवाज लहान-मोठा करता येत नसल्यामुळे हार्पसिकॉर्डवादक जोर दाखवतो तो वेळेने. महत्त्वाच्या सुराआधी बारीकशी फट सोडतो, किंवा मागचा सूर पुढच्यावर जरासा रेंगाळू देतो. फ्रांस्वा कुपरँने १७१६ मध्ये वादनावर पुस्तक लिहिलं, त्यातही हीच अडचण आणि हीच युक्ती आहे. एखादं सोपं मिन्युएट घ्या आणि प्रत्येक मात्रेचा दुसरा सूर पहिल्याहून थोडा आखूड वाजवा. आठ दिवस कंटाळवाणं वाटेल. मग कान उघडतो.

तिसरं, जुनी बोटं. सतराव्या शतकातल्या संगीतात चढत्या सुरावटीला तिसरं-चौथं, तिसरं-चौथं अशी बोटांची जोडी चालते आणि अंगठा फारसा खालून जात नाही. सूर आपोआप दोन-दोनच्या जोड्यांत बोलायला लागतात. हे नुसतं वाचून कळत नाही, विल्यम बर्ड किंवा स्वेलिंक या जुन्या रचनाकारांचा एखादा तुकडा घेऊन करून पाहावं लागतं.

खऱ्या वाद्यावर पट्टी दाबताना मधेच एक हलका अडथळा जाणवतो. नखी तारेला टेकलेली असते ती जागा ती. चांगले शिक्षक पहिले काही तास फक्त तिथे बोट थांबवून, मग सोडून देण्याचा सराव करवून घेतात. घरी संगणक आणि कीबोर्ड असेल तर पियानोटेकसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या वाद्यांचे आवाज आणि वेगवेगळी स्वरव्यवस्था मिळते. स्पर्श मिळत नाही, पण कानाची तयारी होते. आणि एकदा तरी युरोपातल्या उन्हाळी कार्यशाळेला जा. इटलीत उर्बिनोला जुलैमध्ये जुन्या संगीताची मोठी कार्यशाळा भरते. नुसतं वाद्य हाताळायला मिळतं असं नाही, पुढे ज्यांच्याकडे शिकायचं ते शिक्षकही अशाच ठिकाणी भेटतात.

३. कान लावा, अक्षरशः

इथे मात्र मराठी घरातल्या मुलाला एक खरा फायदा आहे, आणि तो बहुतेकांना माहीतच नसतो.

ज्याच्या घरात तंबोरा वाजला आहे त्याने शुद्ध गांधार ऐकलेला असतो. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा, कुणी न छेडलेला. तो षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो (सेंट म्हणजे पियानोवरच्या अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). आजच्या पियानोचा किंवा बाजारातल्या हार्मोनिअमचा गांधार ४०० सेंटवर, म्हणजे चांगलाच चढा. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनिअमवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली, त्या वादातला एक मोठा मुद्दा हाच होता: ठोकळ स्वरांची पेटी आपल्या गाण्याला चालते का. युरोपातल्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या संगीतकाराला तुम्ही आजचा पियानो ऐकवला असता तर त्यानेही कान झाकले असते. त्याच्या वाद्यात गांधार शुद्ध लावलेला असे, आणि त्यासाठी पंचम थोडे थोडे उतरवलेले. या व्यवस्थेला मीनटोन म्हणतात. पदवीच्या पहिल्याच वर्षी ती स्वतःच्या हाताने लावता यावी लागते.

पद्धत अशी. सी पक्का करा. त्याच्यावरचा ई इतका शुद्ध लावा की दोन सुरांमधली लहर पूर्ण थांबेल. आता सी–जी, जी–डी, डी–ए, ए–ई हे चार पंचम सारखेच उतरवून मधे बसवा. प्रत्येक पंचम शुद्ध ७०२ सेंटऐवजी साधारण ६९७ चा होतो. हाच सगळ्यांत कठीण भाग, कारण चारही पंचमांत लहर असते आणि ती सारख्या प्रमाणात वाटली जायला हवी. एवढं जमलं की उरलेलं सोपं आहे. जी वरून बी, डी वरून एफ शार्प, ए वरून सी शार्प, ई वरून जी शार्प शुद्ध गांधाराने लावा. मग खाली येऊन ए च्या खाली एफ, डी च्या खाली बी फ्लॅट, जी च्या खाली ई फ्लॅट. बारा सूर पूर्ण झाले.

आता जी शार्प आणि ई फ्लॅट एकत्र वाजवून पाहा. तो पंचम सुमारे ७३८ सेंटचा होतो आणि अक्षरशः विव्हळतो. युरोपात त्याला लांडगा म्हणतात. म्हणजे आठ मेजर स्वरसंघात (कॉर्ड) सुंदर, चार निरुपयोगी. जुने रचनाकार त्या चारांच्या वाटेला फारसे जात नाहीत, आणि गेलेच तर दुखण्यासाठी, यातना दाखवण्यासाठी जातात. समतोल स्वरांत, म्हणजे बाराही अंतरं सारखी ठेवून, लावलेल्या पियानोवर फ्रेस्कोबाल्दी किंवा फ्रोबर्गर हे सतराव्या शतकातले रचनाकार सपाट का वाटतात, ते हे एकदा ऐकलं की कळतं.

बाखपर्यंत आलात की व्हर्कमायस्टर, किर्नबर्गर, व्हालोत्ती अशा व्यवस्था लागतात. त्यांत सगळ्या पट्ट्यांतून (स्केलमधून) वाजवता येतं, पण प्रत्येक पट्टीचा रंग वेगळा राहतो. त्या नंतर शिका. आधी मीनटोन यंत्राशिवाय, निव्वळ कानाने लावता आलं पाहिजे. मोबाइलवरचं ट्यूनर ॲप सगळेच वापरतात, मैफिलीच्या घाईत वापरावंही लागतं. परीक्षेत मात्र ते बाजूला ठेवायला सांगू शकतात.

याच ओघात पट्टीचा, म्हणजे वाद्य किती उंच लावायचं त्याचा, हिशेबही समजून घ्या. आजचा ए ४४० हर्ट्झचा. बरोक (साधारण १६०० ते १७५० या काळातलं) संगीत वाजवणारे वाद्यवृंद बहुधा ४१५ वर, म्हणजे अर्धा स्वर खाली वाजतात. फ्रेंच संगीत अनेकदा ३९२ वर, मोझार्टच्या काळचं ४३० च्या आसपास, तर जुनं व्हेनिसचं संगीत ४६५ वरही वाजवतात. पुष्कळ हार्पसिकॉर्डमध्ये सगळा कीबोर्ड एक पट्टी सरकवून ४१५ चं ४४० करण्याची सोय असते. ज्यांचे कान ४४० ला घट्ट चिकटलेले, म्हणजे ज्यांना प्रत्येक सूर नावाने ऐकू येतो, त्यांना पहिले काही महिने भयंकर त्रास होतो. इलाज नाही. सवय होते.

४. साथ: इथेच निवड होते

कंटिन्युओ म्हणजे बरोक काळातली साथ. समोरच्या कागदावर फक्त खालची, खर्जाची ओळ असते आणि तिच्यावर किंवा खाली आकडे. आकडा नसेल तर खर्जावर तिसरा आणि पाचवा सूर घ्यायचा. ६ असेल तर तिसरा आणि सहावा. ४ नंतर ३ असेल तर चौथा आधी थांबवून तिसऱ्यावर सोडवायचा. ७, ६-५, ४-२ अशा आणखी काही जोड्या. व्याकरण एवढंच, महिन्याभरात पाठ होतं. डावा हात खर्जाची ओळ वाजवतो, तीच ओळ बहुधा चेलोही वाजवतो. उजव्या हाताने काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते त्या क्षणी ठरवायचं.

हार्मोनिअमवर गायकाची साथ केलेल्याला वाटेल की हे आपल्या ओळखीचं आहे. अर्धंच आहे. आपला पेटीवाला गायकाच्या मागे सावलीसारखा जातो, त्याने घेतलेली जागा पुन्हा दाखवतो. कंटिन्युओवाल्याने गायिकेची सुरावट उचलली तर ती रागावून पाहील. त्याचं काम खालून आधार द्यायचं आणि पुढची दिशा सांगायचं. मात्र समोरच्याच्या श्वासाकडे सतत लक्ष ठेवण्याची सवय, गायक थांबला की थांबणं, तो सुटला की सुटणं, ही पेटीवाल्याकडे आधीच असते. पियानोच्या स्पर्धा जिंकलेल्यांकडे ती बऱ्याचदा नसते.

आवाज कमी-जास्त करण्याची इथली रीत एकलवादनाहून वेगळी आहे. जास्त बोटं म्हणजे मोठा आवाज, कमी बोटं म्हणजे लहान. बासरी एकटी असेल तर दोन-तीन सूर पुरतात. वाद्यवृंद पूर्ण सुरात आला की दोन्ही हात भरून. स्वरसंघात एकदम वाजवला तर ठोका बसतो, खालून वर उलगडला तर मऊ पडतो. ऑपेरातल्या संवादगायनात, ज्याला रेचिटातिवो म्हणतात, साथीदाराला शब्द समजलेच पाहिजेत. कुठला शब्द झोंबणारा आहे हे न कळता दिलेला स्वरसंघात उशिरा तरी येतो किंवा आधी तरी. म्हणून इटालियन शिका. ती व्हिसासाठी नाही, वाजवण्यासाठी लागते.

सुरुवात कशाने करावी? हॅंडेलने इंग्लंडच्या राजकन्येला शिकवण्यासाठी लिहिलेले आकड्यांचे धडे आजही उत्तम आहेत, पायरीपायरीने कठीण होत जातात. मग नेपल्सचे पार्तिमेंतो घ्या. नेपल्समधल्या चार जुन्या कॉन्झर्व्हेटरी मुळात अनाथाश्रम होत्या. तिथल्या मुलांना कमावतं करायचं म्हणून फक्त खर्जाची ओळ देऊन तिच्यावर उत्स्फूर्त रचना करायला शिकवत. दुरान्ते, फेनारोली यांचे धडे त्या परंपरेतले. लिहिलेलं काही वाजवायचं नाही, फक्त पाया दिलेला, वरची इमारत तुमची. आपल्याकडे बंदिश हाती देऊन बढत शिष्यावर सोडतात त्या वातावरणात वाढलेल्याला ही शिकवण पटकन मानवते, असं माझं मत आहे.

त्यानंतर माणूस शोधा. मुंबई, पुणे, गोव्यात व्हायोलिन वाजवणारी आणि चर्चच्या कॉयरमध्ये गाणारी पुष्कळ मंडळी आहेत. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. कोरेल्लीच्या पाचव्या ओपसमधल्या (छापील संग्रहातल्या) व्हायोलिन सोनाटा (१७००) काढा आणि आठवड्यातून एकदा कुणाबरोबर तरी नुसत्या खर्जाच्या ओळीवरून वाजवा. साधा पियानो चालेल, हळू आवाजात. छापील, कुणीतरी उजवा हात भरून दिलेली आवृत्ती वापरू नका. ती कुबडी एकदा घेतली की सुटत नाही. मूळ छापील प्रतींची चित्रं इंटरनेटवर फुकट मिळतात.

एकलवादनाची तयारी या सगळ्याबरोबर चालूच राहते, पण तिच्याबद्दल फार लिहीत नाही. पियानोवाल्याला ती आपोआप आकर्षित करते. एवढंच लक्षात ठेवा की बाख आणि दोमेनिको स्कार्लातीच्या ५५५ सोनाटा एवढंच हे जग नाही. त्याआधीची दीडशे वर्षं पियानोवाल्याला जवळजवळ अनोळखी असतात: व्हर्जिनल या छोट्या हार्पसिकॉर्डसाठी लिहिणारे इंग्लिश रचनाकार, फ्रेस्कोबाल्दी, फ्रोबर्गर. लुई कुपरँची प्रेल्यूड पाहा. त्यांत ताल नाही, मात्रा नाहीत, नुसते गोल सूर आणि लांबलचक वळसे. किती वेळ कुठे थांबायचं हे वाजवणाऱ्याने ठरवायचं. आलाप ऐकत मोठा झालेला माणूस त्या कागदाला घाबरत नाही, पियानोच्या वर्गातून आलेले बहुतेक घाबरतात.

५. कुठे शिकायचं

बासेलची स्कोला कान्तोरुम बासिलिएन्सिस ही जुन्या संगीतासाठीची सर्वांत नावाजलेली शाळा. पाउल साखरने १९३३ मध्ये ती काढली. तिथे जुनी स्वरलेखनं, उत्स्फूर्त वादन, जुनं नृत्य असं सगळं एका छपराखाली आहे, आणि साथीतच विशेष प्रावीण्य मिळवण्याचा मार्गही आहे. राहण्याचा खर्च मात्र डोळे पांढरे करणारा.

नेदरलंड्समध्ये हेग आणि ॲमस्टरडॅम. गुस्ताफ लेओनहार्ट (१९२८–२०१२) ॲमस्टरडॅमला शिकवत, आणि आज युरोपभर शिकवणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्यांचे शिष्य किंवा शिष्यांचे शिष्य आहेत. शिकवणं बव्हंशी इंग्रजीत चालतं ही मोठी सोय. पण युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांची फी जड आहे.

जर्मनीत कोलोन, ब्रेमेन, लाइपझिग, फ्रायबुर्ग, ट्रोसिंगन अशी पुष्कळ ठिकाणं. सरकारी संगीत महाविद्यालयांत फी बहुतेक राज्यांत नाममात्र. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो लावले, आणि फ्रायबुर्ग, ट्रोसिंगन त्याच राज्यात येतात. जर्मन भाषा लागतेच. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात ती आधीच सुरू करा.

नवख्याला मी इटली सुचवेन. तिथल्या सरकारी कॉन्झर्व्हेटरींची फी कुटुंबाच्या उत्पन्नाप्रमाणे ठरते. पहिली पदवी तीन वर्षांची, १८० क्रेडिटची, पुढची दोन वर्षांची, १२० क्रेडिटची. ज्यांची तयारी अपुरी आहे त्यांच्यासाठी 'प्रोपेदेउतिको' नावाचे पूर्वतयारीचे वर्ग असतात, आणि हीच गोष्ट हार्पसिकॉर्डला पहिल्यांदाच हात लावणाऱ्याला लाखमोलाची आहे. शिवाय वाद्यं डोळ्यांसमोर असतात. बोलोन्यात सान कोलोम्बानोच्या जुन्या चर्चमध्ये लुइजी फेर्दिनान्दो ताल्याविनींचा संग्रह आहे, आणि त्यातली कितीतरी वाद्यं वाजती ठेवलेली आहेत. फ्लॉरेन्समध्ये क्रिस्टोफोरीची कामं पाहता येतात. नेपल्समध्ये सान पिएत्रो आ मायेल्ला ही त्या चार अनाथाश्रमांची वारस. शिक्षणाचा दर्जा मात्र शहरागणिक नव्हे, शिक्षकागणिक बदलतो. कॉलेजाचं नाव पाहून जाऊ नका.

ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडात उत्तम विभाग आहेत, लंडनची रॉयल ॲकॅडमी, अमेरिकेतलं ओबरलिन, मॉन्ट्रियलचं मॅकगिल. शिष्यवृत्ती हातात असेल तर तिथेही अर्ज करा, नसेल तर सोडून द्या.

६. शिक्षकाला लिहा, मग ऑडिशन

अर्जाच्या किमान सहा महिने आधी ज्या शिक्षकाकडे शिकायचं त्यांना थेट पत्र लिहा. छोटं लिहा: काय वाजवता, वाद्य मिळतं की नाही, आणि एक ध्वनिचित्रफीत. पियानोवरची असेल तर तसं स्पष्ट सांगा, लपवू नका. एक तास शिकवाल का, असं विचारा. परदेशात याला काहीही वावगं मानत नाहीत, उलट न विचारता थेट ऑडिशनला आलेला विद्यार्थी त्यांना विचित्र वाटतो. त्या एका तासात त्यांचं शिकवणं तुम्हाला मानवतं का हेही कळतं.

ऑडिशनला साधारण चार प्रकारचं मागतात: सतराव्या शतकातलं काही, एखादा फ्रेंच संच, बाखचं प्रेल्यूड आणि फ्यूग, स्कार्लातीची सोनाटा. नेमकी यादी त्या-त्या ठिकाणची पाहा. त्याशिवाय प्रथमदर्शनी वाचन, सिद्धान्ताची आणि कानाची चाचणी, आणि बऱ्याच ठिकाणी आकड्यांवरून सोपी साथ. परीक्षकांना चुका चालतात, थांबणं चालत नाही. साथीत चुकीचा स्वरसंघात वाजवून पुढे गेलात तर ठीक. दुरुस्त करायला मागे वळलात तर समोरचा गायक एकटा पडतो, आणि ते नेमकं हेच पाहत असतात.

अर्जाच्या मुदती आदल्या हिवाळ्यापासून सुरू होतात, परीक्षा बहुतेक ठिकाणी पुढच्या वसंतात किंवा उन्हाळ्यात. दूरच्या उमेदवाराला पहिली फेरी ध्वनिचित्रफितीवर देता येते का ते विचारा. भारतातली पदवी संगीताची नसेल, म्हणजे बी.कॉम. किंवा बी.एस्सी. असेल, तर थेट मास्टर्सला प्रवेश मिळणं कठीण. पहिल्या पदवीपासून सुरुवात करायची तयारी ठेवा. पंचविशीत पहिल्या वर्षाला बसलेले लोक या विषयात भरपूर दिसतात, लाजायचं कारण नाही.

७. कागद आणि पैसे

इटलीसाठी 'युनिव्हर्सइटली' या सरकारी संकेतस्थळावरून पूर्वनोंदणी, बारावीचे आणि पदवीचे कागद परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद खरे असल्याचा शिक्का) लावून, इटालियन भाषांतरासह. फीमध्ये सवलत आणि प्रादेशिक शिष्यवृत्ती हवी असेल तर कुटुंबाच्या उत्पन्नाचे आणि मालमत्तेचे कागदही भाषांतर करून द्यावे लागतात. वडिलांचा प्राप्तिकर परतावा, घराचे कागद हे सगळं उन्हाळ्यापूर्वीच गोळा करा. शेवटच्या आठवड्यात भाषांतरकार मिळत नाही.

जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागद तपासल्याचं) लागतं आणि बँकेत गोठवलेल्या खात्यात वर्षभराचा खर्च दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा ११,९०४ युरो आहे, तो बदलत राहतो, तेव्हा अर्जाच्या वेळी ताजा पाहा. पदवी झालेल्यांसाठी डाड (DAAD) या जर्मन संस्थेची संगीतासाठी वेगळी शिष्यवृत्ती असते.

वाद्य विकत घेण्याची घाई करू नका. चांगल्या कारागिराचा दोन कीबोर्डांचा नवा हार्पसिकॉर्ड वीस हजार युरोच्या पुढे सहज जातो. कॉलेजात सरावाच्या खोल्या असतात, सकाळी लवकर उठणाऱ्याला मिळतात. घरासाठी वापरलेला छोटा क्लॅव्हिकॉर्ड शोधा. एकट्याने उचलता येतो, भाड्याच्या खोलीत मावतो, आणि रात्री बारा वाजता वाजवला तरी घरमालक दार ठोठावत नाही.

८. पहिलं वर्ष आणि नंतर

पहिल्या वर्षी वाजवण्याइतकाच वेळ वाद्य सांभाळण्यात जातो. तबली, म्हणजे तारांखालची लाकडी फळी, अतिशय पातळ असते, हवेतला दमटपणा बदलला की सूर उतरतात. तार तुटली की घोडीवरून नवी ओढून खुंटीला गुंडाळणं, अडकलेला जॅक काढून साफ करणं, नखी बारीक सुरीने खरवडून आवाज जुळवणं हे सगळं स्वतः करायचं. तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या कारागिराचं काम पाहिलं असेल तर त्यातली नजाकत कळेल: एक केसभर जास्त कापलं की ती नखी गेली. हे काम मनापासून शिका, कारण पुढे त्यावर पैसे मिळतात. जो वाद्य आणतो, लावतो आणि साथही करतो त्याला बरोक वाद्यवृंद पुन्हा बोलावतात.

जुन्या चाव्या (ओळीच्या सुरुवातीची क्लेफ ही खूण) आणि जुनी लेखनंही वाचावी लागतात. फ्रेस्कोबाल्दीच्या तोक्कातांच्या मूळ छापील प्रतीत उजव्या हाताला सहा आणि डाव्याला आठ रेघा आहेत. पहिल्या सत्रात डोकं दुखतं, दुसऱ्यात डोळा आपोआप वाचतो.

पुढे मास्टर्सला शोधनिबंधाचा विषय निवडायची वेळ येईल तेव्हा एक सुचवतो. विल्यम हॅमिल्टन बर्ड याने १७८९ मध्ये कलकत्त्यात 'ओरिएंटल मिसेलनी' हा संग्रह छापला. इथल्या नाचगाण्यांच्या चाली त्यात हार्पसिकॉर्डसाठी बसवलेल्या आहेत. टप्पा, ठुमरी, गझल ओळखणारा कान आणि आकडे वाचणारा हात एकाच माणसाकडे असणं तिकडे दुर्मीळ आहे. त्या चालींचं काय झालं, काय हरवलं, काय चुकीचं ऐकलं गेलं, हे सांगायला तोच माणूस लागतो.

नोकरीबद्दल खरं सांगायचं तर कायमच्या जागा फार थोड्या आहेत. वाद्यवृंदात हार्पसिकॉर्डची खुर्ची एकच असते, क्वचित दोन. बहुतेक जण चार-पाच कामं जोडून जगतात: ऑपेराच्या तालमी, चर्चमध्ये ऑर्गन, गायकांची शिकवणी, वाद्यं लावून देणं, कॉलेजात साथीदार म्हणून तासावर काम. यातलं जवळजवळ प्रत्येक काम साथीचं किंवा सूर लावण्याचं आहे. बाखच्या पाचव्या ब्रँडनबर्ग कॉन्चेर्तोत साथीदार मध्येच सगळ्यांना थांबवून एकट्याने लांबलचक वाजवत सुटतो, तसे प्रसंगही येतात. वर्षातून एकदोनदा.